नळीवरचे नाव

बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागले की हळूहळू जंगलपट्टी सुरू होते. त्या भागातील जुन्या घरांतून कोठे कोठे अजूनही परवान्याची शिकारी बंदूक सांभाळून ठेवलेली आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले. तेव्हापासून ती बंदूक म्हणजे घरच्यांना आजोबांची एक आठवण आणि परवाना वेळेवर नवा करून घेण्याची कटकट, एवढीच उरली आहे.

माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी अशी एक रायफल आहे. इतिहासाच्या तासाला मी मुलांना घरातील एखाद्या जुन्या वस्तूची माहिती लिहून आणावयास सांगितले होते. त्याने या रायफलीविषयी लिहिले. नळीवर लंडनच्या एका दुकानाचे नाव सुबक अक्षरांत, पत्त्यासह, कोरलेले आहे, असे त्यात होते. मी वहीवर तांबड्या शाईने शेरा मारला: 'इंग्लंडमध्ये तयार झालेली.' दोन दिवसांनी मुलगा एक पातळ कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. वडिलांनी बंदुकीची साफसफाई केली, तेव्हा जुन्या वंगणाच्या थराखाली काही बारीक अक्षरे निघाली. त्यांवर कागद ठेवून आणि शिसपेन्सिल घासून त्याने ती उतरवून घेतली होती. त्यांत एका गावाचे नाव स्पष्ट वाचता येत होते: ओबर्नडॉर्फ. "सर, हे गाव इंग्लंडात कोठे आले?" असे त्याने विचारले. त्याच्या विचारण्यात खोचकपणा नव्हता, म्हणूनच मला अधिक ओशाळल्यासारखे झाले.

ओबर्नडॉर्फ हे जर्मनीतील नेकार नदीकाठचे एक लहानसे गाव. पाउल माउझर या बंदूक कारागिराच्या मुलाने तेथे जी बंदूक सिद्ध केली, तिचा १८९८ सालचा नमुना पुढे साऱ्या जगाने उचलला. काडतूस नळीत ढकलणारा आणि नळीचे तोंड मागून घट्ट बंद करणारा जो लोखंडी दांडा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. हा बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ते घर मिळून बंदुकीचा यंत्रभाग होतो. नळी आणि लाकडी दस्ता कोणीही चांगला कारागीर करील, पण हा यंत्रभाग पोलादाच्या अखंड तुकड्यातून कोरून काढावा लागे आणि त्यासाठी मोठा कारखाना व पुष्कळ यंत्रे लागत. त्यामुळे असे घडले की, यंत्रभाग एका देशात तयार होई, नळी व दस्ता दुसऱ्या देशात बसे आणि वर नाव कोरले जाई ते विकणाऱ्या दुकानाचे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे. जॉन रिग्बी हे मूळचे डब्लिनचे आणि नंतर लंडनला स्थिरावलेले बंदूकवाल्यांचे घराणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पेढीने माउझरची इंग्लंडमधील विक्री आपल्या हाती घेतली. माउझरचे ७ मिलिमीटरचे एक काडतूस होते. मिलिमीटरचे इंचात रूपांतर केले की ०.२७५ येतात. रिग्बीने त्या काडतुसाला '.२७५ रिग्बी' असे नाव दिले, आणि जर्मन काडतूस कागदोपत्री इंग्रज झाले. यातील मौज अशी की, १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश सैन्याची जी दाणादाण उडविली, ती याच काडतुसाच्या माउझर बंदुकांनी. त्या युद्धात समोरून येणाऱ्या गोळीला इंग्रज शिपाई 'माउझर' म्हणून शिव्या घालीत होता. तीच गोळी लंडनच्या दुकानात काचेच्या कपाटात बसून इंग्रजी नावाने विकली गेली.

जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारली. तिने ४३६ माणसे खाल्ली असे मानले जाते. संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटना त्या कामगिरीबद्दल एक रायफल भेट दिली आणि तिच्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी बसविली. ती रायफल म्हणजे हीच .२७५ रिग्बी. त्यांची पुस्तके वाचलेल्या कोणालाही तिची ओळख आहे. तिच्यावर दुकानाचे नाव आहे, देणाऱ्याचे आहे, घेणाऱ्याचे आहे आणि वाघिणीच्या गावाचेही आहे. तिचा यंत्रभाग मात्र ओबर्नडॉर्फचा.

हिंदुस्थानात या परदेशी बंदुका इंग्रजी नावाने खपल्या, याला सरकारी धोरणाचाही हातभार लागला. सैन्याच्या बंदुकीत चालेल असे काडतूस प्रजेच्या हाती पडू नये, अशी सरकारला सतत धास्ती असे. म्हणून .३०३ बोअर नागरिकांना बंद झाला. पुढे १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका लोकांत शिल्लक होत्या. मग इंग्रज बंदूकवाल्यांनी थोड्याशा फरकाची नवनवी काडतुसे काढली, आणि सैनिकी नसलेली परदेशी काडतुसे आयतीच गिऱ्हाइकांच्या पसंतीस उतरली. ऑस्ट्रियाच्या मान्लिखर बंदुकीचे ८ मिलिमीटरचे काडतूस आपल्याकडे '.३१५' या इंग्रजी आकड्याने रुळले ते असेच. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात याच बोअरची शिकारी रायफल तयार होऊ लागली. शेताची राखण करणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांना 'तीनशेपंधरा' हा शब्द ठाऊक असतो. तो आकडा व्हिएन्नाच्या बाजूने आला आहे, हे त्यांना कोणी कशाला सांगेल?

मुंबईत काळा घोडा भागात आर्मी अँड नेव्ही या नावाने ओळखली जाणारी एक भव्य इमारत आहे. लंडनला १८७१ साली लष्करी अधिकाऱ्यांनी स्थापन केलेल्या सहकारी भांडाराची ही मुंबई शाखा होती. कपडे, औषधे, तंबू, बिस्किटे, खोगिरे यांबरोबर बंदुकाही तेथे मिळत, आणि त्यांवर भांडाराचे नाव असे. भांडाराने बंदुकीचा कारखाना कधी काढला नव्हता. इतरांनी बनविलेल्या मालावर आपले नाव घालून तो विकणे, हा त्याचा व्यवहार होता. गिऱ्हाईक बहुधा लष्करातला किंवा मुलकी नोकरीतला. त्याला कारागिराच्या गावाशी कर्तव्य नव्हते. बंदूक बिघडली तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहावयाचे, एवढेच त्याला कळावयास हवे होते. दुकानाच्या नावाचा हा उपयोग मी कमी लेखीत नाही.

परंतु नावाचा दुसराही एक उपयोग असतो. बेल्जममधील लीएज हे शेकडो वर्षे बंदूक कारागिरांचे शहर. सर्व शिकाऱ्यांचे आश्रयदाते मानले गेलेले संत ह्यूबर्ट हे या शहराचे पहिले बिशप होते, हा योगायोगच म्हणावयाचा. आख्यायिका अशी आहे की, तरुणपणी शुभ शुक्रवारच्या पवित्र दिवशी ते शिकारीस गेले असता एका काळविटासारख्या मोठ्या सांबराच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला आणि त्यांनी शिकार सोडली. शिकार सोडणाऱ्या साधूला शिकाऱ्यांनी आपला साधू केले! असो. या लीएजमध्ये घरोघर नळ्या, चाप आणि खटके घडत. एकोणिसाव्या शतकात तेथील स्वस्त बंदुका जहाजे भरभरून अमेरिकेत गेल्या. त्यांवर बेल्जियन नावे नसत. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या नामांकित घराण्याची आठवण व्हावी म्हणून कोणा 'डब्ल्यू. रिचर्ड्स'चे नाव कोरलेले असे. खेड्यातील गिऱ्हाईक ते वाचून इंग्रजी बंदूक घेतल्याच्या समाधानात घरी जाई.

ही फसवणूक पुरती लपत नसे, याचे श्रेय जुन्या कायद्याला आहे. लीएजवर तेव्हा राजबिशपांची सत्ता होती. त्यांपैकी माक्सिमिलियन हेन्री यांनी १६७२ साली असा दंडक घातला की, प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून ती उडवून पाहावी आणि न फुटलेल्या नळीवरच शिक्का मारावा. चाचणीचा हा शिक्का पुढे अधिक पद्धतशीर झाला. लंबगोलात ई, एल आणि जी ही तीन रोमन अक्षरे, आणि शहराच्या चौकातील खांबाची लहानशी आकृती, एवढ्यावरून जाणकार माणूस 'रिचर्ड्स' साहेबांचे गाव ताबडतोब ओळखी. शिक्का पुसावा तर चाचणी न झालेला माल म्हणून तो पडून राहील, ही विक्रेत्याची अडचण होती. पुढे इंग्लंडने १८८७ साली व्यापारी खुणांचा कायदा केला आणि अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यान्वये परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती केली. त्यानंतर निदान देश सांगणे भाग पडले. कारखान्याचे नाव सांगण्याची सक्ती अजून कोठेच नव्हती.

आता त्याच अमेरिकेत जरा थांबू, कारण दुकानाच्या नावाने बंदूक विकण्याची कला तेथे पूर्णत्वास गेली. शिकागोची सीअर्स रोबक ही कंपनी जाडजूड सूचीपुस्तके घरोघर पाठवी आणि सुईपासून आखख्या घराच्या सामानापर्यंत सर्व काही टपालाने व रेल्वेने पोचते करी. तिच्या कचेरीत जॉन हिगिन्स नावाचा एक गृहस्थ होता. तो आयर्लंडहून आलेला, १८९८ साली नोकरीस लागलेला आणि हिशेबनिसांवर देखरेख करणारा. १९०८ साली खेळाच्या सामानासाठी एखादे भारदस्त नाव हवे, अशी चर्चा अधिकाऱ्यांत चालली असता कोणी तरी याचे नाव सुचविले. हिगिन्सने परवानगी दिली. नुसते 'जॉन हिगिन्स' कानाला भरेना, म्हणून मध्ये 'सी' हे अक्षर घातले गेले. त्या सज्जनाला मधले नावच नव्हते! अशा रीतीने 'जे. सी. हिगिन्स' जन्मास आले. प्रथम बेसबॉलचे हातमोजे आणि चेंडू, मग फुटबॉल, मग इतर सामान, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बंदुका व रायफली. खरा हिगिन्स १९३० साली निवृत्त झाला होता. सारा जन्म जमाखर्चात घालविलेल्या माणसाचे नाव, न मिळालेल्या एका अक्षरासह, लाखो शिकाऱ्यांच्या खांद्याला टेकले.

महायुद्धावरून परत आलेल्या अमेरिकन तरुणांना बोल्टच्या रायफलीची सवय झाली होती. त्यांच्या सैन्याची १९०३ सालची स्प्रिंगफील्ड रायफल मुळात माउझरवरच बेतलेली होती, आणि तिच्या पेटंटांपोटी अमेरिकन सरकारने माउझरला दोन लाख डॉलर मोजले होते. आता ओबर्नडॉर्फचा कारखाना उद्ध्वस्त झाला होता. परंतु लीएजजवळच्या हेर्स्टाल गावी फाब्रिक नासिओनाल हा कारखाना उभा होता. बेल्जियन सरकारला दीड लाख माउझर बंदुका पुरविण्यासाठीच तो १८८९ साली स्थापन झाला होता. युद्धाने पोळलेल्या युरोपला डॉलर हवे होते. तेथील मजुरी अमेरिकेपेक्षा कमी आणि हातांचे कसब पिढ्यान् पिढ्यांचे. सीअर्सच्या 'जे. सी. हिगिन्स मॉडेल ५०' या रायफलीत हेर्स्टालचा माउझर यंत्रभाग बसविला गेला. जोडणी कनेक्टिकट राज्यातील हाय स्टँडर्ड कंपनीने केली. पुढच्या मॉडेलसाठी स्वीडनच्या हुस्क्वार्ना कारखान्याचा यंत्रभाग आला. शिवणयंत्रांमुळे हे नाव आपल्यापैकी काहींना परिचित असेल. त्या कारखान्याची सुरुवात १६८९ साली राजाच्या बंदुका करण्यासाठी झाली होती. लहान बोअरच्या एका रायफलीसाठी फिनलंडच्या साको कारखान्याचे साहाय्य घेतले गेले. सूचीपुस्तकात या सर्वांचा धनी एकच, जे. सी. हिगिन्स.

ज्याला खरा कर्ता शोधावयाचा असेल त्याच्यासाठी सीअर्सच्या मालावर एक खूण असे. मॉडेलच्या आकड्याआधी पुरवठादाराचा सांकेतिक अंक घातलेला असे: १०३ म्हणजे मार्लिन, २७३ म्हणजे विंचेस्टर, ५८३ म्हणजे हाय स्टँडर्ड. दुकानाला स्वतःच्या हिशेबासाठी तो लागे. जाणती गिऱ्हाइके तो पाठ करून ठेवीत आणि नामांकित कारखान्याचा माल कमी किमतीत मिळाल्याचा आनंद मानीत. मला यात हिगिन्सची हिशेबी कचेरीच डोकावताना दिसते. मिनेसोटा राज्यातील हर्टर या टपाली दुकानदाराची तऱ्हा याहून निराळी होती. त्याची सूचीपुस्तके आत्मप्रौढीने ओथंबलेली असत. परंतु त्याची 'जे ९' रायफल युगोस्लाव्हियातील क्रागुयेव्हात्स येथून आणि 'यू ९' इंग्लंडच्या बी. एस. ए. कारखान्यातून येई. साम्यवादी राष्ट्राच्या कारखान्यातील बंदूक अमेरिकन शेतकरी हरणामागे घेऊन धावत होता, तोही शीतयुद्धाच्या दिवसांत.

या व्यवहाराला तडा गेला तो एका दुसऱ्याच खोट्या नावाने. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या क्लाइन या खेळसामानाच्या दुकानाकडे 'ए. हायडेल' नावाच्या गिऱ्हाइकाची टपालाने मागणी आली. इटालियन सैन्याची जुनी कारकानो रायफल, दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट आणि पाठवणीचा दीड डॉलर. माल डॅलस येथील टपालपेटीवर गेला. हायडेल नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता. पेटी ली हार्वे ऑस्वल्ड याची होती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. ही रायफल शिकारीची नव्हती आणि तिच्यावर दुकानाने आपले नावही घातले नव्हते, हे खरे. परंतु कोण विकतो, कोण घेतो, वस्तू कोठून आली, हे प्रश्न तोवर कोणी गांभीर्याने विचारले नव्हते. सर्वच शिकारी बंदुकांवर अनुक्रमांक घालण्याचीही सक्ती तेथे नव्हती. पुढे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा झाला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील गिऱ्हाइकाला टपालाने बंदूक विकणे बंद झाले. प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक आला, आणि परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव व गाव यांबरोबर मूळ कारखान्याचे व देशाचे नावही आवश्यक ठरले. जे. सी. हिगिन्स तोपर्यंत अस्तंगत झाला होता. १९६१ पासून सीअर्सने टेड विल्यम्स या बेसबॉलपटूचे नाव वापरावयास सुरुवात केली होती. निदान हा माणूस खरोखर शिकार व मासेमारी करणारा होता, आणि त्याला नावातील प्रत्येक अक्षराचा मोबदला मिळत होता.

पण कारखान्याचे नाव कळले म्हणजे तरी बंदूक कोणी केली हे कळते काय? हेर्स्टालच्या त्या कारखान्यात यंत्रांवर उभ्या राहणाऱ्या कामगारांत बायकांची संख्या मोठी होती. त्यांना तेथे 'यंत्रबाया' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखीत. धातूचे सुटे भाग यंत्रावर कापण्याघासण्याचे काम त्यांच्याकडे असे, आणि वरच्या हुद्द्यांची वाट त्यांना बंद असे. १९५७ च्या रोम करारात समान कामाला समान वेतन असे कलम होते, परंतु नऊ वर्षे ते कागदावरच राहिले. १६ फेब्रुवारी १९६६ रोजी तीन हजारांवर बायकांनी काम थांबविले. सुटे भाग येईनासे झाले, तसे पुरुष कामगारही हळूहळू बसून राहिले. बारा आठवडे संप चालला. तासाला पाच फ्रँक वाढ हवी, ही मागणी होती. पावणेतीन फ्रँक पदरात पडले. मागणी पुरी झाली नाही, तरी युरोपातील बायकांच्या वेतनाच्या लढ्यात या संपाचा उल्लेख आजही होतो. अमेरिकेतील मृगयेच्या मोसमात ज्यांच्या हातचा माल रानोरान फिरला, त्या बायकांची नावे कोणत्याही नळीवर नव्हती आणि कोणत्याही कायद्याने ती मागितली नव्हती.

त्या मुलाची वही मी परत मागवून घेतली. माझा शेरा खोडला आणि 'यंत्रभाग जर्मनीत तयार झालेला. लंडनच्या दुकानाने विकलेली' असे लिहून खाली सही केली. शिसपेन्सिलीचा तो कागद त्याने वहीत डिंकाने चिकटविला आहे. त्यावर गावाच्या नावाशेजारी एक अगदी लहान खूण उमटली आहे, एखाद्या कारागिराने आपली म्हणून मारलेल्या ठशासारखी. "ही कोणाची, सर?" असे तो विचारतो आहे. या खेपेस मी घाईने उत्तर दिलेले नाही.